तैवानच्या चहाचा डबा आलाय, त्याचं करू काय?

सुधा_मिरज · शुक्रवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर प्रशासकांनी हलवावा. पाककृतीत टाकू की इतिहासात, हे मलाच कळेना.

ह्यांच्या कारखान्यात तैवानहून मशीन आलं, ते बसवायला दोन माणसं आली होती. आठवडाभर आमच्याकडेच जेवायला. (भाकरी दोघांना आवडली, ठेचा एकालाच.) जाताना एक डबा देऊन गेले. वर सगळी चिनी अक्षरं, झाकणावर कागदी पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर फुलांची दोन चित्रं. आत चंदेरी पाकीट, हवा काढून दगडासारखं घट्ट केलेलं. फोडलं तर काळपट हिरवे, सुरकुतलेले गोळे. सासूबाई म्हणाल्या, बाळहिरडा आहे. मीही क्षणभर फसले.

ह्यांनी फोन करून विचारलं तेव्हा कळलं, चहा आहे. मग काय, नेहमीसारखं आधण ठेवलं. आलं ठेचून, साखर, दूध आणि ते गोळे दोन मोठे चमचे. उकळता उकळता एकेका गोळ्याचं अख्खं पान झालं, देठासकट! पातेल्यात मेथीची भाजी शिजतेय असं दिसायला लागलं. चव म्हणाल तर धड चहा नाही, धड काढा नाही. सगळ्यांनी भिडेखातर संपवला.

हा चहा मुळात असाच असतो, की आमचं काही चुकलं? अजून अर्ध्याहून जास्त पाकीट शिल्लक आहे. खाली फोटो देतेय.

टपरी_नं_३ · शुक्रवार, रात्री १०:०५

मेथीची भाजी!! हसून हसून पुरेवाट.

शिन्चूवासी · शनिवार, सकाळी ७:३०

सुधाताई, फोटो पाहिला आणि बसल्या जागी कळवळलो.

मी गेली नऊ वर्षं तैवानात, शिन्चूला असतो. चिपांच्या कारखान्यात नोकरी आणि शनिवार-रविवारी चहाच्या डोंगरांत भटकणं. तुमच्या डब्यावर लिहिलंय: लुगू गावचा शेतकरी संघ, हिवाळी हंगाम, तुंगतिंग ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार). आणि ती कागदी पट्टी म्हणजे शोभेचं लेबल नव्हे. तो संघाचा शिक्का आहे. हा स्पर्धेत उतरलेला आणि टिकलेला चहा आहे.

लुगू हे नान्तौ जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. चहाच्या स्पर्धा तिथे १९७०च्या दशकापासून भरतात. शेतकरी आपला चहा संघाकडे देतो, त्यावर नाव नाही, नुसता क्रमांक. पंच प्रत्येक नमुन्यातला ३ ग्रॅम चहा पांढऱ्या कपात घालतात, वर १५० मिली उकळतं पाणी ओततात आणि पाच-सहा मिनिटं झाकून ठेवतात. घरी कोणी इतका कडक करून पिणार नाही. पण तिथे हेतू चव घेण्याचा नसतोच, दोष उघडे पाडण्याचा असतो. पान नीट सुकवलं नसेल, भाजणी जास्त झाली असेल, तर सहा मिनिटांत सगळं चव्हाट्यावर येतं. मग पंच चमच्याने भुरका मारत रांगेने पुढे सरकतात. भुरका चांगला मोठ्या आवाजात. आमच्या आजोबांना तिथे मानाची खुर्ची मिळाली असती.

नमुने हजारोंनी येतात, पुष्कळसे बाद होतात. जे उरतात त्यांना श्रेणी मिळते, आणि तो चहा संघ स्वतः डब्यात भरून वर पट्टी चिकटवतो. तुमची दोन फुलं म्हणजे श्रेणीतली खालची पायरी. त्यावर तीन फुलं, मग तिसरा, दुसरा, पहिला आणि सर्वांत वर विशेष क्रमांक. खालची पायरी असली तरी त्या शेतकऱ्याने ती पट्टी अभिमानाने मिरवली असणार.

आता कृती. उरलेलं पाकीट पुन्हा घट्ट बंद करा आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा. हे पान शेजारचा वास लगेच उचलतं. एका कपाला एक लहान चमचा गोळे, जास्त नको, ते फुगतात. पाणी खळखळून उकळलेलं. कपावर ताटली झाकून एक मिनिट. गाळून घ्या आणि पानं टाकू नका! तीच पानं पाच-सहा वेळा चालतात, दर वेळी थोडी जास्त वेळ ठेवायची. दूध, साखर, आलं यांतलं काही नाही.

सुधा_मिरज · शनिवार, सकाळी ८:१०

अरे देवा. त्या दोन फुलांना आम्ही आलं घातलं!

अंदाजे किंमत सांगाल का?

शिन्चूवासी · शनिवार, सकाळी ८:१४

नाही सांगत. तुम्हाला रात्री झोप लागली पाहिजे.

उंटावरचा_शहाणा · शनिवार, सकाळी ११:२०

माहिती छान, पण एक शंका. चहा मुळात चीनचा. हजारो वर्षांची परंपरा त्यांची. तैवानने नवीन केलं ते काय? डबा आणि पट्टी?

शिन्चूवासी · शनिवार, दुपारी ३:०५

शहाणेसाहेब, अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा लांबण लावतो, सुट्टी आहे.

तैवानच्या मधल्या डोंगरांत रानटी चहा होताच. १७१७ सालच्या एका जिल्हावर्णनात त्याची नोंद सापडते. लागवडीचा चहा मात्र समोरच्या, चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी आणला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. लुगूच्या लोकांची तर ठरलेली कथा आहे. लिन फेंगची नावाचा गावचा हुशार मुलगा राजपरीक्षेसाठी फुजियानला निघाला, वाटखर्चाला पैसे गावाने जमवून दिले, १८५५ मध्ये तो पास होऊन परतला तेव्हा वूयी पर्वतातली ३६ रोपं घेऊन आला, आणि त्यांतली १२ तुंगतिंग डोंगरावर लागली. इतिहासकार या कथेकडे भुवई उंचावून बघतात. लुगूत मात्र तसं बोलून दाखवू नये, चहा मिळणार नाही. (तुंगतिंग म्हणजे ‘गोठलेलं शिखर’. उंची सातशे मीटरच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरच्या जेमतेम निम्मी. गोठत काही नाही. निसरड्या वाटेवर पायाची बोटं आवळून चढावं लागे, त्यावरून नाव पडलं असं सांगतात.)

पण तैवानचा चहा जगाला कळला तो या रोपांमुळे नव्हे, व्यापारामुळे. दुसऱ्या अफूयुद्धानंतरच्या तहांनी उत्तरेचं तामसुई बंदर परदेशी जहाजांना उघडावं लागलं. तिथे जॉन डॉड नावाचा ब्रिटिश व्यापारी पोचला. शोधायला आला होता कापूर वगैरे, डोळ्यांत भरला चहा. त्याचा हस्तक होता ली चुनशेंग, समोरच्या किनाऱ्यावरच्या अमॉय बंदरातल्या एका नावाड्याचा मुलगा, इंग्रजी शिकलेला. या जोडीने १८६६ च्या सुमारास फुजियानच्या आनशीहून रोपं आणवली आणि उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना रोपं आणि कर्ज दोन्ही दिलं. तोवर इथला कच्चा चहा भाजून पक्का करायला समुद्रापार अमॉयला जायचा. डॉडने ती भाजणी इथेच सुरू केली. १८६९ मध्ये दोन शिडाची जहाजं तामसुईहून थेट न्यूयॉर्कला गेली. पोटात २,१३१ पिकुल, म्हणजे साधारण १२७ टन चहा. पेट्यांवर लिहिलं होतं फोर्मोसा ऊलाँग (फोर्मोसा हे तैवानचं जुनं युरोपी नाव). अमेरिकेने उचलून धरला.

त्यापुढची पंचवीस वर्षं बघण्यासारखी आहेत. तैवानच्या निर्यातीच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या चहाचा झाला, साखर मागे पडली. साखर दक्षिणेत पिके, चहा उत्तरेत. बेटाचं वजनच दक्षिणेकडून उत्तरेला कललं आणि ताइपेचं भाग्य उजळलं. नदीकाठची दादाओचेंग ही पेठ चहाच्या पैशावर उभी राहिली. तिथे हंगामात दुकानांसमोरच्या कमानींखाली बायकांच्या रांगाच्या रांगा बसत, मांडीवर सूप घेऊन पानांतले देठ निवडत. घराबाहेर पडून रोख मजुरी मिळवणाऱ्या बायका, त्या काळात! आजही त्या पेठेत जुन्या पेढ्या आहेत, आणि तिथल्या एका पेढीच्या कोळशावरच्या भाजणीच्या खोलीत जमिनीत खणलेल्या भट्ट्या बघायला मिळतात. शंभर वर्षांचा वास भिंतींत मुरलेला.

आता तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर. चीनची परंपरा हजारो वर्षांची असेल, पण तैवानचा चहा जन्मला तोच दुसऱ्याच्या तोंडासाठी. आधी अमेरिकेसाठी, मग जपान सांगेल तसा, मग मोरोक्कोसाठी. तैवानी माणूस आपला उत्तम चहा स्वतः चवीने पिऊ लागला तो माझ्या वडिलांच्या लग्नाच्या सुमारास, १९७० नंतर. आज ताइपेत जे ‘प्राचीन’ चहापान पर्यटकांना दाखवतात ते माझ्या थोरल्या भावाच्या वयाचं आहे.

पुडीबांधे · शनिवार, सायंकाळी ६:४०

वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तैवानचा ‘पोचोंग’ नावाचा चहा एकदा सिंगापुरात प्यायलो होतो, तोही यातलाच का?

शिन्चूवासी · शनिवार, रात्री ८:००

हो, बाओझोंग. तुमच्या नावाला साजेसा प्रश्न! बाओझोंग म्हणजे कागदात बांधलेला. चौकोनी कागदात चहाची पुडी बांधून विकायचे, अगदी किराणा दुकानातल्यासारखी. १८७३ च्या मंदीत ऊलाँग पडून राहिला, परदेशी पेढ्या घेईनात. मग तो फुजियानमधल्या फुचौला पाठवून फुलांचा वास चढवून विकला. पुढे १८८१ मध्ये वू फुयुआन नावाच्या व्यापाऱ्याने हे काम तैवानातच सुरू केलं, आणि विसाव्या शतकात नान्गांगच्या लोकांनी फुलांशिवायच फुलांसारखा वास यावा अशी पद्धत बसवली. न खपलेल्या मालातून झालेला चहा आहे हा. सिंगापूर, जावा, सयाम या बाजूला तो खूप जाई.

रानवाटा · शनिवार, रात्री ९:१५

लेखन आवडलं, पण ‘भाग्य उजळलं’ याला दुसरी बाजू आहे. हे चहाचे डोंगर रिकामे नव्हते. तिथे अतायाल आणि इतर आदिवासी राहत होते. चहा आणि कापूर दोन्हींना डोंगरउतार हवे होते, त्यामुळे सरहद्द वर-वर सरकत गेली. पहारेकऱ्यांच्या चौक्यांची रेघ ओढायची, तिच्या आतलं रान तोडायचं, मग रेघ आणखी पुढे. चीनच्या मांचू राजवटीचा सुभेदार ल्यू मिंगच्वान याने १८८० च्या दशकात मोहिमा काढल्या, जपान्यांनी तर त्या रेघेवर विजेच्या तारा आणल्या. न्यूयॉर्कच्या कपात हेही होतं.

शिन्चूवासी · शनिवार, रात्री ९:३१

पूर्ण मान्य. माझ्याकडून ते सुटलं. शिन्चूच्या मागच्या डोंगरांतली कितीतरी गावांची नावं अजून ‘चौकी’, ‘वेस’ अशा अर्थाची आहेत. मी त्यावरून दर आठवड्याला गाडी नेतो.

उंटावरचा_शहाणा · रविवार, सकाळी १०:००

जपान सांगेल तसा म्हणजे कसा? आणि मोरोक्को कुठून आलं मध्येच?

शिन्चूवासी · रविवार, दुपारी १२:२०

१८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं. जपानचा स्वतःचा हिरवा चहा निर्यात होत होता, त्याला वसाहतीतून स्पर्धा नको होती. म्हणून तैवानात ऊलाँग, बाओझोंग चालू ठेवा आणि काळा चहा (आपल्या नेहमीच्या पावडरीचा असतो तो) करा असं धोरण. १९०३ मध्ये ताओयुआनजवळ चहाचं प्रयोगकेंद्र काढलं, ते नाव बदलत बदलत आजही चालू आहे. गंमत पुढे आहे. अमेरिकेत फोर्मोसा ऊलाँगला मागे रेटलं ते भारत आणि सिलोनच्या काळ्या चहाने. तेव्हा तोच काळा चहा करायचा तर त्याच जातीची झाडं हवीत, म्हणून १९२५ मध्ये आसामचं बियाणं आणून नान्तौच्या युछी भागात, सूर्य-चंद्र सरोवराच्या काठच्या टेकड्यांवर लावलं. सरोवराकाठी आज पर्यटक ‘आसाम चहा’ म्हणून जे विकत घेतात त्याचे पूर्वज आपले शेजारी. मी पहिल्यांदा दुकानात ‘आ-सा-मू’ ऐकलं तेव्हा वाटलं, हा माझी खेचतोय.

तिथल्या केंद्राचे प्रमुख होते आराई कोकिचिरो. युद्ध संपलं, जपानी मायदेशी निघाले, हा माणूस काम हातावेगळं करायला मागे राहिला आणि १९४६ मध्ये हिवतापाने तिथेच गेला. केंद्राच्या आवारात त्याची स्मृतिशिला आहे. वसाहतीच्या इतिहासात कोणाच्या शिलेवर लोक आपणहून चहा ठेवतात, हे मला तिथे पाहायला मिळालं.

सरोवराच्या काळ्या चहाला पुढे उतरती कळा लागली. लोकांनी झाडं तोडून सुपारी लावली. मग १९९९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. केंद्राने तैचा क्रमांक १८ हा वाण सोडला, ब्रह्मदेशचा मोठ्या पानाचा चहा आणि तैवानचा रानटी चहा यांचा संकर. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नान्तौत प्रचंड भूकंप झाला, २,४०० वर माणसं गेली. गावं पुन्हा उभी करताना हाताशी काय होतं, तर हा नवा वाण. नाव ठेवलं होंग-यू, म्हणजे लाल जेड, माणिक म्हणा हवं तर. दालचिनी आणि पुदिन्याचा वास एकत्र, काही न घालता. आपल्या मसाला चहावाल्या जिभेला सगळ्यात आधी हाच आवडतो, माझा अनुभव.

मोरोक्को: युद्धानंतर उत्तर आफ्रिकेला पुदिना घालून प्यायला हिरवा चहा हवा होता आणि तैवानने तो पुरवला. १९७३ मध्ये एकूण निर्यात तेवीस हजार टनांच्या वर गेली, तो कळस. त्यानंतर तेलाचे भाव, मजुरी, चलनाचा दर, सगळं एकदम फिरलं. परदेशात स्वस्त चहा विकणं परवडेना. उरलं कोण? आपलेच लोक, ज्यांच्या खिशात कारखान्यांमुळे आता पैसा होता. मग स्पर्धा, डबे, फुलं हे सगळं त्या वेळी सुरू झालं. आणि १९८२ मध्ये चहा कारखान्यांवरचे परवान्याचे जुने नियम रद्द झाले. तोवर शेतकऱ्याने ओलं पान कारखान्याला घालायचं, एवढंच. आता तो स्वतः बनवून स्वतःच्या नावाने विकू शकत होता. सुधाताई, तुमचा डबा या एका बदलामुळे अस्तित्वात आहे.

आंबेवाला_देवगड · रविवार, दुपारी ४:५०

शेतकऱ्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. एवढ्या महाग पिकावर फवारणी किती करतात? आमच्याकडे मोहोर फुटला की तुडतुड्यांनी जीव नकोसा होतो.

शिन्चूवासी · रविवार, सायंकाळी ५:३०

देवगडकर, तुम्ही आता बसूनच वाचा.

माझ्या घरापासून तासाभरावर बेइपू आणि अमेई ही हाक्का लोकांची (चीनमधून आलेला, वेगळी बोली बोलणारा समाज) गावं आहेत. तिथे एक चहा होतो, त्याला तुडतुडे लागावेच लागतात! फवारणी केली तर चहाच नाही. जूनच्या उकाड्यात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानाचा रस शोषतात, पान पिवळट होऊन आकसतं, वाढ खुंटते. आपण म्हणू, गेलं पीक. पण कीड लागली की झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. अशी पानं खुडून, चांगली मुरवून, साठ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिडेशन (हवेने पान तपकिरी होणं) होऊ दिलं की त्यातून मधाचा, पिकल्या फळाचा वास येतो. दार्जिलिंगच्या उन्हाळी चहाच्या त्या प्रसिद्ध द्राक्षासारख्या वासामागेही असेच किडे आहेत.

स्थानिक नाव पेंगफेंग चहा, म्हणजे ‘फुशारकी चहा’. कथा अशी: एका शेतकऱ्याचं पीक किडीने खाल्लं. टाकवेना म्हणून चहा करून ताइपेला नेला. तिथे दामदुप्पट भाव मिळाला. गावात येऊन सांगितलं तर सगळे म्हणाले, फुशारक्या मारतोय. बाहेर त्याला ‘पौर्वात्य सौंदर्य’ म्हणतात, आणि हे नाव इंग्लंडच्या राणीने दिलं असं प्रत्येक दुकानदार सांगतो. कुठल्या राणीने, यावर दोन दुकानांचं एकमत होत नाही.

आंबेवाला_देवगड · रविवार, सायंकाळी ५:४४

आमचे तुडतुडे पाठवतो. पोस्टेज तुमचं.

तैनानची_सून · रविवार, रात्री १०:३०

शिन्चूवासी, लिहिता छान, पण थोडं भांडायला आलेय.

मी अकोल्याची, तैनानला सासर, बारा वर्षं झाली. ‘तैवानी माणूस स्वतः पिऊ लागला तो १९७० नंतर’ हे आमच्या आजेसासूबाईंसमोर बोलून बघा! माझ्या साखरपुड्यात मी स्वतः तबकात गोड चहाचे छोटे पेले घेऊन नवऱ्याच्या घरच्या प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे गेले. ज्याच्यापुढे जायचं त्याचं नातं मोठ्याने सांगायला एक जाणती बाई बरोबर असते. सगळे पितात, मग थोड्या वेळाने तबक घेऊन परत जायचं. रिकाम्या पेल्यात प्रत्येकाने लाल पाकीट गुंडाळून ठेवलेलं असतं. माझी आई कोपऱ्यातून बघत होती. म्हणाली, अगं हे तर आपलं चहा-पोहे, फक्त इथे पोरीला पैसे मिळतात! ही रीत काही जॉन डॉडने आणली नाही.

दुसरं. ‘होंग-ते’. जुन्या वाटांवर, देवळांपाशी, वाटसरूंसाठी चहाने भरलेला मोठा घडा किंवा पिंप आणि पेला ठेवलेला असतो, वर ‘चहा घ्या’ अशी दोन अक्षरं. पैसे नाहीत, मालक समोर नाही. दक्षिणेत उन्हाचा तडाखा असतो, शेतावर जाणारा पिऊन पुढे जायचा. आपली पाणपोईच की. त्यात पान साधंच असायचं, देठ-चुरा सगळं. आणि देवळाच्या पारावर म्हातारे लोक तळहाताएवढ्या किटलीतून दिवसभर जो कडक चहा ओततात, त्याला नावच ‘म्हाताऱ्यांचा चहा’ आहे. तुमच्या स्पर्धांच्या कितीतरी आधीपासून.

शिन्चूवासी · सोमवार, सकाळी ६:५०

माघार घेतो. वाक्य चुकलं. चहा त्यांचा होताच, घरात आणि वाटेवर. नवं आहे ते चवीचं कौतुक: कोणता डोंगर, कोणता हंगाम, कोणाच्या हातचा. निर्यातीचा उत्तम माल बंदरावर जाई आणि होंग-तेच्या घड्यात चुरा पडे. दोन्ही गोष्टी एकाच बेटावर होत्या. मी एकीवरूनच दुसरी पुसून टाकली. लाल पाकिटांची गोष्ट मला माहीतच नव्हती.

टपरी_नं_३ · सोमवार, सकाळी ९:१५

मग ते हुंगायचे लांबट पेले, बांबूची चिमटी, नाजूक हात वगैरे कधीचं?

तैनानची_सून · सोमवार, दुपारी १:००

ते याच काळातलं, तिथे शिन्चूवासी बरोबर आहेत. किटली-पेल्यांची पद्धत चीनच्या फुजियान-चाओचौकडची जुनी. ‘चहाकला’ अशा अर्थाचा शब्द मात्र १९७७ च्या सुमारास तैवानात मुद्दाम रुजवला. जपान्यांचा ‘चहामार्ग’ म्हणायचं नव्हतं ना! लांबट हुंगायचा पेलाही इथलाच. चहा आधी त्यात ओतायचा, मग बुटक्या पेल्यात उलटा करायचा आणि रिकाम्या पेल्याचा वास घ्यायचा. ऊलाँगचं निम्मं सुख वासात असतं, म्हणून.

पण चहाघर म्हणजे नुसती नजाकत नव्हती. ताइपेत ‘विस्टेरिया’ नावाचं चहाघर आहे, जपानी काळातलं लाकडी घर, दारात वेलींचा मांडव. चौ यू यांनी १९८१ मध्ये ते चहाघर म्हणून उघडलं. तेव्हा लष्करी कायदा होता, तो १९८७ मध्ये उठला. विरोधी राजकारणातली माणसं, लेखक, चित्रकार तिथे तासन्‌तास बसत. एक किटली मागवायची आणि गरम पाणी घेत राहायचं. ऊलाँगची पानं सात-आठ वेळा चालतात याचा असाही उपयोग.

उंटावरचा_शहाणा · सोमवार, दुपारी २:२०

हे आवडलं. आमच्या कॉलेजसमोरच्या इराण्याकडे एका चहावर आम्ही दुपार काढायचो, पण सरकार पडलं नाही.

टपरी_नं_३ · सोमवार, रात्री ८:४५

आणि बबल टी? पुण्यात मुलीने प्यायला लावला. तळाशी काळे गोळे, नळीतून घशात गोळीबार. बिल बघून मी गप्प.

शिन्चूवासी · सोमवार, रात्री ९:३०

ते गोळे कसावाच्या पिठाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊ, काळ्या साखरेत मुरवलेले. उपासाला चालेल का ते भटजींना विचारा, चहा आहेच.

१९८० च्या दशकात तो निघाला. ताइचुंगचं एक चहाघर म्हणे आम्ही शोधला, तैनानचं दुसरं म्हणे आम्ही. दहा वर्षं कोर्टात भांडले. २०१९ मध्ये निकाल लागला तो असा की हे काही पेटंट घेतलेलं पेय नाही, कोणीही करावं, तेव्हा पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. असा निकाल आपल्याकडे मिसळीबाबत लागला पाहिजे.

आंबेवाला_देवगड · मंगळवार, सकाळी ८:००

देवगड हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकतात तसलं तिकडे काही चालतं का?

शिन्चूवासी · मंगळवार, दुपारी १२:४०

चालतं, आणि तीच त्यांची दुखरी नस आहे. तैवानात चहा पिकतो त्याच्या दुपटीच्या आसपास बाहेरून येतो, त्यातला मोठा भाग व्हिएतनामचा. बबल टी, बाटल्या यांत तो उघडपणे जातो, तक्रार नाही. पण काही जण तो उंच डोंगरांच्या नावाने विकतात. ओळखणं सोपं नाही, कारण व्हिएतनामच्या लाम डोंग भागात ते मळे तैवानी लोकांनीच लावलेत. वाण तेच, यंत्रं तीच, कारागीरही कधी कधी तेच. फरक राहिला माती, धुकं आणि भाव यांचा.

उंच डोंगर म्हणजे हजार मीटरच्या वर: आलीशान (हो, असंच म्हणतात, आणि भावही आलिशान), शानलिनशी, लीशान. वर थंडी आणि धुकं, पान सावकाश वाढतं, तुरटपणा कमी. लीशानच्या बाजूला घाटरस्ता बांधलेल्या निवृत्त सैनिकांनी आधी सफरचंद, पेअर लावले होते. परदेशी फळं स्वस्तात येऊ लागली तसा तिथे चहा आला. आता उतार ढासळतात म्हणून सरकारी जमिनीवरचे काही मळे उपटलेही गेले. मला स्वतःला विचाराल तर उंचीचं हे वेड जरा अती झालंय. मीटर मोजून चहा विकत घेणारे लोक तुंगतिंगची मुरलेली भाजणी विसरायला लागलेत. सुधाताईंचा डबा बुटक्या डोंगराचा आहे, पण तो चांगल्या हाताने भाजलाय.

सुधा_मिरज · बुधवार, दुपारी ४:३०

सगळ्यांचे आभार. विचारलं चमचाभर, मिळालं पातेलंभर.

आज केला. सांगितलं तसाच: एक लहान चमचा, उकळतं पाणी, वर ताटली, घड्याळ लावून एक मिनिट. रंग मधासारखा आला. पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, हे तर नुसतं गरम पाणी. मग मागून काहीतरी आलं, भाजलेल्या चुरमुऱ्यासारखं, आणि त्याच्याही मागून फुलासारखं. ह्यांना काही लागलं नाही, त्यांनी नेहमीचा मागून घेतला. सासूबाईंनी मात्र तीन पेले घेतले. दुसरा सगळ्यात चांगला म्हणाल्या. मग स्वतःच चौथं, पाचवं, सहावं पाणी काढत बसल्या, मला किटलीला हात लावू देईनात. आता त्या त्या दोन माणसांना परत बोलवा म्हणतायत.

पण आता वाटीभर पानं उरलीयत, अख्खी, मऊ, हिरवीगार. त्या विचारतायत, याची खरंच भाजी होते का?

तैनानची_सून · बुधवार, दुपारी ५:१०

भाजी नको, फार तुरट लागेल. अंडी उकडा. कवचाला चमच्याने हलके तडे द्या, मग हीच पानं, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी आणि मीठ घालून मंद आचेवर तासभर ठेवा, रात्रभर त्यातच राहू द्या. सोलल्यावर पांढऱ्यावर नक्षी उमटते. इथे प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी त्याचं भांडं उकळत असतं.

सुधा_मिरज · बुधवार, सायंकाळी ५:२२

सासूबाई म्हणतायत, आज संकष्टी. पानं फ्रीजमध्ये ठेवली तर उद्यापर्यंत चालतील का?

तैनानची_सून · बुधवार, सायंकाळी ५:२५

चालतील. मेथीशेजारी ठेवू नका फक्त.